पेटीचं नवं माप

१

“ऊठ त्या कापडावरून, अदे झाफू. देवाचं कापड आहे ते, तुझं बसकर नाही.”

“नाही उठत. एकोणीस वर्षं ही चादर माझ्या बोटांतून निघतेय. तिच्यावर बसायचं की नाही, ते तू मला शिकवू नकोस.”

“अगं, उद्या सण आहे!”

“सण कधी आहे ते मला ठाऊक आहे. तू नागडा हिंडत होतास तेव्हापासून ठाऊक आहे.”

निवडुंगाच्या कुंपणापलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. केशी अरेफाइनेनं मान वळवून नुसतं तिकडे पाहिलं, आणि हसणं थांबलं. गावच्या मरियमच्या चर्चचा तो मुख्य केशी, म्हणजे धर्मगुरू. पन्नाशीचा, ताडासारखा उंच, डोक्याला पांढरं पागोटं, मुठीत पितळी क्रूस. तो वाटेनं निघाला की माणसं क्रूसाचं चुंबन घ्यायला वाकायची. झाफू एरवी वाकायची. आज ती आपल्या दगडी घराच्या अंगणात मांडी ठोकून बसली होती, मांडीखाली सणाची चादर होती, आणि केशीची सकाळपासूनची ही दुसरी खेप होती.

गावात सत्तरी उलटलेल्या बाईला सगळे अदे म्हणतात, म्हणजे आई. झाफूला म्हणताना मात्र लोक जरा जपून म्हणत. जिभेनं ती कुणाला सोडत नसे.

केशीनं आवाज बदलला. गुडघे मोडून तिच्यासमोर बसला.

“हे बघ. माप तुझ्या भावानंच पाठवलंय. तो राखणदार आहे. त्याच्या शब्दापुढे मी बोलत नाही, माझ्यावरचे बोलत नाहीत. मग तुझं काय मध्येच?”

“मी त्याची बहीण आहे.”

“म्हणून तर मागतोय! आणि यंदा...” इथे तो थांबला. एवढा मोठा माणूस, पण नव्या नवरीसारखा लाजला. “यंदा त्यानं मला आत बोलावलंय, अदे. हात थरथरतात म्हणाला. चादर घालायला दुसरं माणूस हवं. माझ्या बापानं त्या दाराच्या आत पाऊल टाकलं नाही, आज्यानं टाकलं नाही. मला बोलावलंय.”

“कधी बोलावलं?”

“काल. तू टोपली ठेवून परतलीस, त्यानंतर.”

झाफूनं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि चादरीचे काठ घट्ट धरले.

“नाही देत,” ती म्हणाली. “आणि तू जाऊ नकोस.”

२

चर्चच्या मागं, कडा जिथं संपतो तिथं पेटीघर आहे. चार दगडी भिंती, पश्चिमेला एक दार, आणि दाराच्या तळाशी टोपली सरकेल एवढी झडप. मोशेला डोंगरावर ज्या दगडी पाट्या मिळाल्या त्या जिच्यात ठेवल्या, ती पेटी इथं आहे असं या गावाचं म्हणणं. खाली मोठ्या शहरात पेटी आहे म्हणतात, तिथं जगभरचे यात्रेकरू जातात, जावोत बापडे. गावाचं म्हणणं एवढंच, की कुठल्याशा जुन्या लढाईच्या वेळी तीन धर्मगुरू चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन हा कडा चढून आले, आणि उतरताना तेवढंच काहीतरी चादरीत गुंडाळून घेऊन गेले. वर काय राहिलं आणि खाली काय गेलं, हे विचारायचं नाही. या गावाकडे यात्रेकरू फिरकत नाही, आणि गावानं कधी कुणाला हाक मारली नाही.

पेटीघरात एक राखणदार असतो. एकदा आत गेला की मेल्यावरच बाहेर. त्याच्याशिवाय आत कुणी जात नाही, आणि चादरीखाली काय आहे ते बघायची मुभा त्यालाही नाही. वर्षातून एकदा, सियोनच्या मरियमच्या सणाला, तो नवी चादर जुनीवर पसरतो आणि जुनी खालून ओढून घेतो. पेटी पापणी लवेपर्यंतसुद्धा उघडी पडता कामा नये.

एकोणीस वर्षांपूर्वी आधीचा राखणदार वारला आणि झाफूच्या धाकट्या भावाचं, देस्बेलेचं नाव निघालं. निघालं म्हणजे निघालं, नाही म्हणता येत नाही. तेव्हापासून झाफू रोज तिसऱ्या प्रहरी टोपली घेऊन कडा चढते. टोपलीत इंजेराची आंबूस भाकरी, वर शिरोचं पिठलं नाहीतर मसूर, सणावाराला सुरईत थोडी घरची बिअर. उंबऱ्यावर दगडानं तीनदा ठोकायचं, टोपली झडपेशी ठेवायची, आणि दाराकडे पाठ करून बसायचं. जेवण देणाऱ्यानं आत पाहायचं नाही, असा नियम. मागं झडप कुरकुरत वर जाई, टोपली सरके, झडप पडे. मग दोघं दाराच्या दोन बाजूंना बसत, आणि बोलत.

एकोणीस वर्षांत तिनं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. तिला दिसे ती समोरची दरी, तळाशी वाळलेल्या ओढ्याची रेघ, आणि डोळ्यांवर येणारं उतरतीचं ऊन. भाऊ म्हणजे पाठीमागचा आवाज. घास चावण्याचा, कोरड्या खोकल्याचा, काठीचा. आणि चालण्याचा, एक पाऊल ठाम, एक ओढल्यासारखं. ठप, सर्र. ठप, सर्र. त्या चालीवरून तो जवळ येतोय की आत चाललाय ते तिला कळे.

नवरा तापानं गेला होता. दोन मुलगे युद्धात गेले. ते आले नाहीत आणि त्यांच्या मरणाची बातमीही आली नाही. घरात एक हंडी, पांघरायची एक गाबी, सूत कातायची एक चाती. कॉफी भाजली तर धूर घ्यायला दुसरं नाक नव्हतं. तीन पेले ओतायची रीत, तर तिन्ही पेले ती एकटीच प्यायची. गावाशी ती भांडायची. भांडण ही काही वाईट सोबत नाही, घसा तरी वापरात राहतो. पण दिवसभरात ती चार शब्द जर कुणाशी हळू आवाजात बोलत असेल, तर ते त्या दाराला टेकून.

“ताई, आज मसूर खारट झालीय.”

“मग उद्या स्वतः रांध.”

“खारट झालीय म्हटलं, वाईट झालीय म्हटलं नाही.”

एवढंच. पण तेवढ्यावर ती कडा उतरायची.

३

त्याच्या डाव्या पायाला अंगठा नव्हता. तो झाफूनं तोडला होता.

ती दहाची होती, तो सातचा. या डोंगरातली सगळी मुलं तेव्हा पेटीचोरीचा खेळ खेळायची. गोष्ट सगळ्यांना पाठ होती. शबाच्या राणीचा मुलगा बापाला, शलमोन राजाला भेटायला गेला, आणि परत निघताना त्याच्या माणसांनी मंदिरातली पेटी उचलून आणली. मग पहारेकऱ्यांना सकाळी कळलं कसं नाही? तर पेटीच्या जागी त्यांनी तेवढ्याच मापाच्या फळ्या रचल्या आणि वर तीच चादर घातली. पहारेकऱ्यांनी चादर पाहिली. चादर जागेवर होती, म्हणजे पेटी जागेवर होती. चादर उचलायची कुणाची छाती?

खेळात झाफू नेहमी राणीचा मुलगा. देस्बेले नेहमी फळ्या. तो आईच्या पांढऱ्या शालीखाली ताठ निजायचा, आणि झाफू बजावायची, “हलू नकोस. तू फळ्या आहेस. मी ‘डाव संपला, ऊठ’ म्हणेपर्यंत हलायचं नाही.” आणि तो हलायचा नाही. माश्या बसल्या, मुंग्या चढल्या, तरी नाही. फक्त खोकला त्याला आवरायचा नाही. एकदा तरी बारीक, दाबलेला, शालीखालून यायचाच.

त्या दिवशी तिला वाटलं, पहारेकऱ्यालाही काही काम असावं, म्हणून ती स्वतःच पहारेकरी झाली. तिनं बापाची कुदळ उचलली आणि पेटीवर उगारली, नुसती भीती घालायला. कुदळ जड होती. शाल आखूड होती, तिच्यातून पाय बाहेर आले होते.

तो ओरडला नाही. झाफूला वाटलं, कुदळ मातीतच रुतली. मग तिनं पाहिलं, शालीचा काठ लाल होत चाललाय. सगळी मुलं पळाली. आणि देस्बेले शालीखाली ताठ पडून होता, मुळीच न हलता, कारण तिनं अजून म्हटलं नव्हतं.

म्हटलं, तेव्हा तो उठून बसला आणि मग रडला.

बासष्ट वर्षं झाली. आईनं तिला मारलं, बापानं मारलं, देस्बेलेनं मात्र तिला कधी एका शब्दानं टोचलं नाही. फक्त थंडी पडली की तो तुटलेला अंगठा त्याला दुखे. नसलेलं बोट दुखतं कसं, हे त्याला सांगता येत नसे. झाफू लोणी कढवून त्यात चिमूटभर राख घालून द्यायची, तो जखमेच्या जागी चोळायचा. पेटीघरात गेल्यावरही दर वर्षी, पहिल्या दहिवरासरशी दारामागून आवाज यायचा, “ताई, अंगठा आला गं परत.” आणि ती म्हणायची, “आणते लोणी.”

४

यंदा दहिवर लवकर पडलं. सकाळी निवडुंगावर पांढरी साय दिसायची, शेळ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहायच्या. झाफूनं लोणी कढवून ठेवलं आणि वाट पाहिली.

आठवडा गेला, दोन गेले. दारामागून आवाज येई तो मसुरीचा, शेळ्यांचा, शेजारणीच्या आजारी सुनेचा. लोण्याचं नाव नाही.

माणूस विसरतो, तिनं स्वतःला सांगितलं. आपण नाही का चातीचं भोवरं कुठं ठेवलं ते विसरत? तो एकोणसत्तर वर्षांचा झालाय. आणि खोकलाही बरा झालाय. बरंच आहे की.

मग सणाच्या मापाची दोरी आली. ही दोरी राखणदार दर वर्षी झडपेतून बाहेर सरकवतो, तीन गाठींची. पहिल्या गाठीपर्यंत पेटीची लांबी, दुसरीपर्यंत रुंदी, तिसरीपर्यंत उंची. खरं तर माप लागतच नाही. शास्त्रात लिहिलंय ते, अडीच हात, दीड हात, दीड हात, आणि हजारो वर्षांत ते बदललेलं नाही. पण रीत ती रीत. दोरी आली की झाफू सूत कातायची, विणकर गिर्माय माग लावायचा, काठावरची निळीलाल नक्षी झाफू स्वतः भरायची. जुन्या दोऱ्या तिनं टाकल्या नव्हत्या. अठरा दोऱ्या भिंतीवरच्या खुंटीला लोंबत होत्या, सगळ्या एकसारख्या.

एकोणिसावी तिनं त्यांच्याशेजारी अडकवली, तर तिची पहिलीच गाठ बाकीच्यांच्या हातभर खाली आली.

तिनं दोरी काढली, हातानं मोजली. पुन्हा मोजली. मग दारात उजेडाला जाऊन मोजली. लांबी साडेतीन हात. रुंदी एक हात. उंची वीतभर.

गिर्माय एका कानानं बहिरा आणि दोन्ही कानांच्या वाटणीचं मोठ्यानं बोलणारा. त्यानं दोरी मागावर ताणली आणि ओरडला, “पेटी म्हातारपणी वाळली की काय, अदे? लांब झाली न् खंगली!”

“तोंड आवर. विण.”

“विणतो की. पण हे माप मी दर महिन्याला विणतो. गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही.” तो स्वतःच हसला. मग तिचं तोंड पाहून हसायचा थांबला. “राखणदारानं स्वतःसाठी मागितलं असेल, अदे. सरळ मागायला माणसाला अवघड वाटतं.”

हे तिच्याही मनात आलं होतं. त्या संध्याकाळी तिनं कॉफीचे तीन पेले ओतले आणि एकही प्यायली नाही. देस्बेलेला आपला शेवट कळलाय. बहिणीला सरळ सांगवत नाही, म्हणून सणाच्या आडून तो कफन मागतोय. तिनं चाती उचलली आणि कातायला बसली. चांगलं सूत कातलं. आयुष्यात कातलं नव्हतं इतकं बारीक, इतकं एकसारखं. धाग्यावर दोनदा पाणी पडलं, ते तिनं पुसलं नाही.

५

चादर विणून झाली तेव्हा तिनं विचारायचं ठरवलं. आडून बोलणं तिला कधी जमलं नव्हतं.

टोपली आत गेली. झडप पडली. आत घास चावण्याचा आवाज सुरू झाला.

“देस्बेले, ती चादर कुणासाठी आहे?”

“पेटीसाठी, ताई.”

“माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुझ्यासाठी हवीय ना?”

“मला?” आतून हसू आलं. भावाचंच हसू, शेवटी श्वास आत ओढणारं. “मला कशाला? मी ठणठणीत आहे.”

तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही.

“थंडी फार आहे यंदा,” ती म्हणाली. “अंगठा दुखत असेल.”

“नाही गं. आता दुखत नाही. सगळं जागच्या जागी आहे.”

मग तो उठला असावा. काठी वाजली नाही. पावलं आत गेली. ठप, ठप, ठप, ठप.

झाफू ऊन डोळ्यांवर घेऊन बसून राहिली. दरीत एक डोमकावळा गोल फिरत होता. कान म्हातारे झालेत, तिनं मनाशी म्हटलं. वारा आहे. आत त्यानं काही पांघरलं असेल, पायात वहाणा घातल्या असतील. सत्तरीची बाई एकटी राहते, दिवसभर स्वतःशी बोलते, तिला काय ऐकू येईल आणि काय नाही! कारणं भरपूर होती, आणि प्रत्येक कारण खरं असू शकत होतं. तिनं ती एकेक करून मांडली, आणि मांडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला दाराला पाठ टेकवावीशी वाटत नाहीये. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती दारापासून हातभर पुढे सरकून बसली होती.

टोपली बाहेर आली. रिकामी, पुसलेली. देस्बेले इंजेराचा कडेचा पापुद्रा नेहमी टाकायचा. तो पापुद्रा शेळीला घालणं हे तिचं रोजचं काम. टोपलीत पापुद्रा नव्हता. कधीपासून नव्हता, हे तिला आठवेना. शेळी मात्र कितीतरी दिवस टोपली हुंगून मान फिरवत होती.

६

परवा ती वळली.

ठरवून गेली होती. या दिवसांत तिसऱ्या प्रहरी ऊन इतकं उतरतं की झडप उघडली तर ते थेट आत शिरावं. तिनं तीनदा ठोकलं, टोपली ठेवली, पाठ केली. मागं झडप कुरकुरली. ती गुडघ्यांवर फिरली आणि गाल जमिनीला लावला.

आत उन्हाची एक फळी पडली होती.

त्या फळीवर, हातभर अंतरावर, दोन पाय होते. अनवाणी. राखणदाराचे पाय एकोणीस वर्षं दगडावर झिजलेले, भेगाळलेले असायला हवेत. हे गुळगुळीत होते, नुकत्या न्हालेल्या मुलाचे असावेत तसे. दोन्ही पायांना पाच-पाच बोटं होती. डावा अंगठा उजव्यासारखाच, नवा, नखासकट.

त्या पायांच्या मागं ऊन आणखी थोडं आत गेलं होतं. तिथं तिला निळीलाल नक्षी दिसली. तिची स्वतःची, गेल्या वर्षीची. एका फुलात तिनं चुकून निळ्याजागी हिरवा धागा घातला होता, तो सुद्धा दिसला. पण चादर पेटीवर असते तशी चौकोनी, उंच नव्हती. ती जमिनीसरशी होती. लांबट. अडीच हातांची पेटी झाकायला बेतलेली ती चादर, आडवी पुरत नव्हती म्हणून उभी ओढली होती. तरी या टोकाला ती आखूड पडली होती, आणि तिच्यातून काहीतरी बाहेर आलं होतं.

झाफूच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. तिनं तो मिटला आणि उजवा ताणला. चादर हलत नव्हती. इतकी हलत नव्हती, की कुणी बजावून ठेवल्यासारखी.

एक, तिनं मोजलं. दोन.

“ताई,” वरून आवाज आला, अगदी मायेनं. “पाठ कर.”

आणि तिनं पाठ केली. जिनं उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तिनं ऐकलं. झडप पडली. आत घास चावण्याचा आवाज सुरू झाला, शांत, एकसारखा. आणि तो चालू असतानाच, त्याच्याही पलीकडून, खोलीच्या पोटातून एक खोकला आला. बारीक. दाबलेला.

डोमकावळा असेल. ते असे आवाज काढतात.

काल ती पुन्हा गेली. जाताना वाटभर एकच वाक्य घोकत होती. त्या दाराला तोंड लावून, आतल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणायचं, मग गावानं दगड मारले तरी चालतील. तिनं टोपली ठेवली. तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली.

“उद्या कापड केशीकडे दे, ताई,” आवाज म्हणाला. दारामागून नाही, दाराच्या फळीतूनच, तिच्या कानाच्या उंचीवर, जणू आत कुणीतरी लाकडाला ओठ लावून बसलं होतं. “आता गार लागायला नको.”

कुणाला, हे तिनं विचारलं नाही. टोपलीसुद्धा न घेता ती कडा उतरली. घरी येऊन हंडीवर हात आपटून ती स्वतःला शिव्या देत होती. भेकड. म्हातारी भेकड रांड. बासष्ट वर्षांपूर्वी तेवढं एक वाक्य वेळेवर म्हणता आलं नाही, आणि आजही नाही.

७

चर्चच्या बाजूनं दगडी घंटा वाजली. लांब टांगलेल्या दोन शिळा, एकीवर गोटा आपटायचा. आवाज डोंगराला धडकून परत यायचा. सणाच्या आदल्या दिवसाची प्रार्थना सुरू होत होती. केशी अरेफाइने उठून उभा राहिला आणि त्याची सावली झाफूवर पडली.

“शेवटचं विचारतो, अदे.”

“शेवटचं विचार, पहिलं विचार. चादरीखाली काय आहे ते बघितल्याशिवाय चादर मिळणार नाही.”

“चादरीखाली बघायचं?” कुंपणापलीकडच्या बायकांनी तोंडावर पदर घेतले. केशीनं छातीवर क्रूसाची खूण केली. “तुला वेड लागलंय. एकटी राहून राहून तुझं डोकं फिरलंय, बाई. तुझ्या मुलांच्या दुःखानं...”

“माझ्या मुलांची नावं तू घेऊ नकोस. त्यांना युद्धावर जाताना आशीर्वाद तूच दिला होतास.”

मग तो म्हणाला, हळू, आणि त्यातला राग खरा होता, “ठीक आहे. नको देऊस. मी वेदीचा पडदा काढीन. तो चांगला लांब आहे. आज संध्याकाळी मी आत जाणार, आणि तो जसा सांगेल तसा पडदा पसरीन, आणि तुझी खालची चादर ओढून काढीन. पेटी उघडी राहणार नाही. तुझ्यावाचून काही अडत नाही, अदे झाफू.”

तेवढं खरं होतं. झाफूला ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर कळलं. ही चादर मांडीखाली दाबून तिनं काही राखलं नव्हतं. पडदा असेल, गाबी असेल, गोणपाट असेल. झाकणाऱ्याला कशानंही झाकता येतं. आणि ज्याला हलू नकोस म्हणून सांगितलंय, तो झाकला जाईल, तोंडापर्यंत, आणि हलणार नाही. तो कधीच हलला नव्हता.

तिनं केशीकडे पाहिलं. आत जायला मिळणारा, खाली वाकणारा, त्या टोकाशी पोचणारा दुसरा माणूस या डोंगरावर नव्हता.

ती उठली. गुडघे वाजले. चादर तिनं जमिनीवरून उचलली, झटकली, घडीवर घडी घातली, काठाला काठ जुळवला, नेहमीसारखी. केशीनं हात पुढे केले. तिनं चादर त्याच्या हातांवर ठेवली, पण सोडली नाही. तिची पकड चादरीच्या एका टोकाला आणि त्याची दुसऱ्या टोकाला, अशी दोघं उभी राहिली. तिनं त्याला खाली ओढलं, तो उंच माणूस वाकला, आणि जे वाक्य तिच्या घशात अडलं होतं ते तिनं सबंध अंगणाला ऐकू जाईल असं म्हटलं.

“जा, पण ही घालण्याआधी तिथं चादरीबाहेर आलेल्या डाव्या पायाची बोटं मोज, आणि चार भरली तर त्याच्या कानाशी वाकून सांग, ताई म्हणाली, डाव संपला, ऊठ.”